पाच डॉलरचा सर्व्हर: एका मशीनच्या वाटणीची गोष्ट

ज्यांचा हा भाग लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकून झाला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. कॉलेजात आमचा ट्रेकिंग ग्रुप होता आणि ग्रुपची एक साइट होती. महिन्याला पाच डॉलरचा छोटा लिनक्स सर्व्हर, पाच जणांची वर्गणी, कार्ड माझं. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड... चार वर्षांचे फोटो त्यावर होते. कुठल्या वाटेवर पाणी कुठे मिळतं, कुठली वाट पावसात टाळायची, अशा नोंदीही होत्या. मग माझं कार्ड बदललं आणि नवा नंबर टाकायचा मी विसरलो. कंपनीच्या मेल येत राहिल्या, त्या 'प्रमोशन्स'मध्ये जाऊन पडल्या. दोन महिन्यांनी एका मित्राचा फोन आला, "अरे, साइट उघडत नाहीये." सर्व्हर पुसला गेला होता. बॅकअप होता का? होता की! त्याच सर्व्हरवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

त्या रात्री हळहळ संपल्यावर एक साधा प्रश्न पडला. पाच डॉलरमध्ये कोणी आख्खा सर्व्हर देतोच कसा? उत्तर शोधताना कळलं की 'आख्खा' या शब्दातच गोम आहे. आपण घेतो ती एका मोठ्या मशीनमधली खोली असते. मशीन वाटून घ्यायचा हा इतिहास साठ वर्षांचा आहे, आणि माझी चूकही त्याच इतिहासात बसते.

महागडं मशीन, अनेक माणसं

१९६१ साल. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोरबातो आणि त्यांचे सहकारी एक प्रात्यक्षिक दाखवतात. कॉम्प्युटर एकच, पण त्यावर एकाच वेळी अनेक जण काम करताहेत. मशीन प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ देतं, आणि हे इतकं भराभर होतं की प्रत्येकाला वाटतं, मशीन माझंच आहे. याला टाइम-शेअरिंग म्हणतात. त्या काळात कॉम्प्युटर खोलीभर मोठा आणि प्रचंड महाग. तो एका माणसाच्या विचार करण्याची वाट बघत रिकामा बसणं परवडणारं नव्हतं.

आयबीएमने पुढची पायरी गाठली. १९७२ मध्ये त्यांनी व्हीएम/३७० जाहीर केली. इथे एका मशीनमध्ये अनेक 'खोटी' मशीन्स तयार व्हायची. प्रत्येकाला नुसता वेळेचा वाटा नाही, तर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालवता येईल असा पूर्ण कॉम्प्युटर मिळाल्यासारखं वाटायचं. आज आपण ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतो, ती कल्पना ही अशी जुनी आहे. फक्त ती मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांच्या बंद दारांआड होती.

लिनक्स आला, चाळ उभी राहिली

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकीमधला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स इंटरनेटवरच्या एका चर्चागटात लिहितो की मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, निव्वळ छंद म्हणून. पुढच्या वर्षी त्याने लिनक्स जीपीएल परवान्याखाली आणली, म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी. १९९५ मध्ये अपाची हा मोफत वेब सर्व्हर आला आणि वर्षभरात जगात सर्वांत जास्त वापरला जाऊ लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं.

याचा अर्थ काय झाला? साधा पीसी घ्या, त्यावर लिनक्स आणि अपाची टाका. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. एकाच मशीनवर शेकडो वेबसाइट ठेवा आणि प्रत्येकाकडून थोडं थोडं भाडं घ्या. यालाच शेअर्ड होस्टिंग म्हणतात. मी याला चाळ म्हणतो. खोली तुमची, पण नळ, जिना आणि गॅलरी सामाईक. शेजारच्या साइटवर अचानक गर्दी झाली की तुमची साइट रांगेत उभी. तुम्हाला वेगळं सॉफ्टवेअर टाकायचंय? मालक म्हणणार, जमणार नाही, सगळ्यांची सिस्टिम एकच आहे.

आणि फुकट जागा हवी असेल तर जिओसिटीज होतं. १९९४ मध्ये सुरू झालेली ही सेवा चक्क 'वस्त्यां'मध्ये विभागलेली होती. तुमचा विषय निवडा आणि त्या वस्तीत घर बांधा. १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. लोकांची लाखो पानं एका निर्णयाने गेली असती. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढं जमलं तेवढं उतरवून ठेवलं, म्हणून त्यातलं बरंच आज बघायला मिळतं. फुकटच्या जागेत मालकाचं मन बदललं की तुमचा मुक्काम संपला, हा तेव्हाचा धडा.

भिंती बांधायच्या कशा?

आता खरी गंमत. चाळीत राहून प्रत्येकाला स्वतंत्र फ्लॅट कसा द्यायचा? २००० मध्ये फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच सिस्टिममध्ये 'जेल' नावाची सोय आली. तिच्यामागे एका छोट्या होस्टिंग व्यावसायिकाची गरज होती. त्याला आपल्या आणि ग्राहकांच्या सेवा एकमेकांपासून नीट वेगळ्या ठेवायच्या होत्या. म्हणजे स्वस्त होस्टिंगची गरज आधी आली, आणि तिने तंत्रज्ञान घडवलं.

पण जेलमध्येही आतली मूळ सिस्टिम सामाईकच राहायची. आयबीएमसारखं पूर्ण वेगळं मशीन का देता येत नव्हतं? अडचण पीसीच्या प्रोसेसरमध्ये होती. त्यात काही सूचना अशा होत्या की आतली पाहुणी सिस्टिम त्या चालवायला गेली, तर वरच्या देखरेखीच्या प्रोग्रामला पत्ताच लागायचा नाही. वॉचमन आहे, पण काही दरवाजे त्याला दिसतच नाहीत, असं समजा.

यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. जेफ डाइक यांनी युजर-मोड लिनक्स लिहिलं. त्यात आख्खं लिनक्स दुसऱ्या लिनक्सच्या आत एखाद्या साध्या प्रोग्रामसारखं चालतं. २००३ मध्ये ख्रिस्तोफर आकर यांनी त्याच जोरावर लिनोड ही कंपनी सुरू केली आणि छोटे लिनक्स सर्व्हर भाड्याने द्यायला लागले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी झेन जगापुढे मांडलं. त्यांनी पाहुण्या सिस्टिममध्येच थोडे बदल केले, म्हणजे ती आपणहून वॉचमनला विचारून पुढे जाईल. त्यामुळे वेग फारसा कमी झाला नाही. पुढे इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच दुरुस्ती केली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सचाच भाग झालं आणि भिंती बांधायचं सामान प्रत्येक लिनक्ससोबत फुकट यायला लागलं.

भाव उतरला

ऑगस्ट २००६, लिनसच्या त्या संदेशाला पंधरा वर्षं होत असताना, ॲमेझॉनने ईसी२ आणलं. त्याच्या पायाशी झेन होतं, आणि त्याचं मूळ काम दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये बसलेल्या टीमने केलं होतं. दर होता तासाला दहा सेंट. वर्षाचा करार नाही, मशीन विकत घेणं नाही, हवं तेव्हा सुरू आणि काम झालं की बंद. पण महिनाभर चालू ठेवा आणि हिशोब करा. २४ गुणिले ३० म्हणजे ७२० तास, म्हणजे ७२ डॉलर. तेव्हाच्या भावाने सव्वातीन हजार रुपयांच्या पुढे. इथल्या विद्यार्थ्याला ते कुठून परवडणार?

तो दरवाजा जानेवारी २०१३ मध्ये उघडला. न्यूयॉर्कच्या डिजिटलओशनने पाच डॉलरचा सर्व्हर आणला. ५१२ एमबी रॅम, २० जीबीची वेगवान एसएसडी. रुपयांत तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास. पाच वर्षांनी त्याच पैशात रॅम दुप्पट झाली. इतर कंपन्यांनाही भाव खाली आणावे लागले.

यात तोटा होत नाही का? फार नाही, कारण बहुतेक छोटे सर्व्हर बहुतेक वेळ रिकामेच बसलेले असतात. सोसायटीत सगळे जण एकाच क्षणी नळ सोडत नाहीत, म्हणून एका टाकीवर भागतं. १९६१ चीच युक्ती! फक्त काही कंपन्या एका टाकीवर प्रमाणाबाहेर फ्लॅट विकतात. अतिस्वस्त ऑफर दिसली की हे आठवा.

भिंतीलाही कान असतात

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांचा फायदा घेऊन एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीतली माहिती काढून घेणं शक्य होतं. शेजारी शेजारी राहणाऱ्या सर्व्हरांसाठी ही धोक्याची घंटाच. जगभरच्या होस्टिंग कंपन्यांनी घाईघाईने दुरुस्त्या टाकल्या आणि मशीन्स रीस्टार्ट केली.

मग १० मार्च २०२१ ची रात्र. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून खाक झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण छत्तीस लाखांच्या आसपास वेबसाइट बंद पडल्या. रस्ट या ऑनलाइन गेमच्या पंचवीस युरोपीय सर्व्हरांवरचा डेटा कायमचा गेला. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आगीत जळला होता. असाच एक ग्राहक कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये त्याला नुकसानभरपाई द्यायचा आदेश झाला. भरपाईने डेटा मात्र परत येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या साइटचं ते दुसरं फोल्डर आठवलं. माझी चूक आणि त्या आगीतली चूक एकच होती. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत.

मग आपण काय निवडायचं?

या इतिहासातून मला एक गोष्ट पटली. भाव जसजसा उतरला, तसतशी जबाबदारी मालकाकडून भाडेकरूकडे आली. चाळीत गळती झाली तर मालकाला बोलावता यायचं. पाच डॉलरच्या फ्लॅटमध्ये प्लंबरही तुम्हीच आणि वॉचमनही तुम्हीच. म्हणून सर्व्हर घेताना मी आता चार गोष्टी बघतो.

पहिली, अंतर. फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. फक्त जाऊन येण्यातच सव्वाशे मिलिसेकंद जाणार, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. तुमचे वाचक सातारा-नाशिकचे असतील तर सर्व्हर भारतात बघा. समुद्राखालच्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, आणि ॲमेझॉननेही २०१६ मध्ये मुंबईत आपलं केंद्र उघडलं. आता इथे पर्याय भरपूर आहेत.

दुसरी, पूर्ण बिल. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, आता दुर्मीळ झालेत. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन अशा प्रत्येक पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. खोलीच्या भाड्याजवळ नुसत्या पत्त्याचं भाडं! त्यामुळे पत्ता, बॅकअप, डेटा आणि कर धरून किती होतात, ते विचारा.

तिसरी, कुलूप. नवा सर्व्हर सुरू केला की काही मिनिटांत अनोळखी बॉट पासवर्डचे अंदाज लावायला लागतात. लॉग उघडून बघा, खरंच दिसेल. पासवर्डऐवजी एसएसएच की वापरा आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्या. साइटसाठी एचटीटीपीएस प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, बॅकअप. तो दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या कंपनीकडे, आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर. महिन्यातून एकदा तो परत उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

आमच्या साइटचं पुढे काय झालं? पाच जणांच्या जुन्या फोनमधून आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून निम्मे फोटो सापडले. पाण्याच्या नोंदी आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. काही टाक्यांबद्दल अजून एकमत नाही, त्यासाठी पुन्हा गडावर जावं लागणार. नवा सर्व्हर आहे पाच डॉलरच्याच आसपासचा. पण आता बॅकअप तिघांच्या घरी जातो, आणि कार्डची मुदत संपायच्या आधी पाचही फोनवर रिमाइंडर वाजतो.

तुमचा पहिला सर्व्हर कुठला होता आणि त्यावर काय हरवलं, ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, आज झोपायच्या आधी एक बॅकअप घ्याच. भेटू पुढच्या भागात!