नामांतराच्या वादातला विपर्यास

समोरच्याने मांडलेला मुद्दा बाजूला सारून, त्याच्या तोंडी अधिक टोकाचा आणि खोडायला सोपा मुद्दा घालायचा व तोच खोडून काढायचा, याला बुजगावण्याचा तर्कदोष म्हणतात. न्यायसूत्रांत याच्या जवळचा दोष ‘छल’ या नावाने येतो: बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांना चिकटवून केलेले खंडन. मराठवाड्यात या दोषाची मोठी किंमत नामांतराच्या वादात मोजावी लागली.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्थापन झाले. नांदेड-लातूरची महाविद्यालयेही त्यालाच जोडलेली होती. त्याआधीच, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, एवढीच मागणी होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला.

विरोधाला एक खरा मुद्दा होता. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही माणसे निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरलेली होती, आणि ‘मराठवाडा’ या नावाशी त्या लढ्याची स्मृती जोडलेली होती. त्यावर वाद होऊ शकत होता, तोडही निघू शकत होती. पण गावोगाव पोचेपर्यंत मागणीचे रूपच पालटले. मराठवाड्याची अस्मिताच पुसली जाणार, असे बोलले जाऊ लागले. प्रदेशाचा इतिहास पुसा, असे कुणीही म्हटले नव्हते. उत्तर मात्र त्यालाच दिले जात होते.

ठरावापाठोपाठ हिंसाचार उसळला. नांदेड जिल्ह्यात त्याची झळ फार तीव्र होती. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. या हिंसेचे मूळ जातीत आणि जमिनीच्या संबंधांत होते, चुकीच्या युक्तिवादात नव्हे. विपर्यासाने तिला एक प्रतिष्ठित कारण तेवढे पुरवले, आणि हेच अधिक गंभीर आहे.

दुसऱ्या बाजूच्या काही भाषणांतही सगळे विरोधक सरसकट जातीयवादी ठरवले गेले. त्याने कुणाची घरे जळाली नाहीत, म्हणून दोन्ही चुका एका मापाने मोजता येत नाहीत. पण त्यामुळेही मूळ आक्षेपाला उत्तर देणे लांबले.

ठराव पंधरा वर्षांहून अधिक काळ रखडला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आक्षेपातला खरा भाग, म्हणजे ‘मराठवाडा’ हा शब्द, नावात राहिला आणि मागणीही मान्य झाली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याकडे आली. तिथे व्यक्तीचे आणि प्रदेशाचे नाव पहिल्यापासूनच शेजारी शेजारी आहे.