दाराचे कुलूप ते चिपमधली किल्ली

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर म्हणतात. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही अशी प्रणाली वापरात आली, तेव्हा यंत्राची राखण म्हणजे यंत्रखोलीच्या दाराची राखण, एवढाच तिचा अर्थ होता.

१९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर संगणक त्या खोलीतून टेबलावर आला. तो सुरू होताच बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम वसलेला प्रारंभिक प्रोग्राम, फ्लॉपीचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर मेमरीत घेई आणि तो कोणी लिहिला याची चौकशी न करता सारा कारभार त्याच्या हाती देई. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ व्हायरस याच वाटेने पसरला. पुढे बायोसला पासवर्ड आला खरा, पण तो ज्या मेमरीत राही तिची नाण्याएवढी बॅटरी काढली की अनेक यंत्रांत पासवर्डही पुसला जाई.

१९९९ मध्ये इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी स्थापलेल्या आघाडीतून टीपीएम ही स्वतंत्र चिप पुढे आली. यंत्र सुरू, म्हणजे बूट, होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा गणिती ठसा काढून या चिपकडे देतो, चिप तो आधीच्या ठशात मिसळते, आणि अखेरचा ठसा जुळला तरच कूटबद्ध डिस्कची किल्ली बाहेर पडते. म्हणजे बदललेला बूटलोडर, म्हणजे यंत्रणा सुरू करून देणारा प्रोग्राम, चालतो, पण त्याला तिजोरी उघडत नाही. २०११ मध्ये यूईएफआय या नव्या फर्मवेअर-मानकात स्पष्टपणे मांडलेले सिक्युअर बूट याहून निराळे: त्यात मान्य स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम चालतच नाही.

तरीही उणीव उरलीच. उलट्या धरलेल्या हवेच्या डब्याने मेमरी उणे ५० अंशांपर्यंत गोठवली, तर वीज गेल्यावरही तिच्यात उतरलेली डिस्कची किल्ली काही मिनिटे वाचता येते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. शिवाय, लॅपटॉपपुढे डिस्क उघडणारा पासफ्रेज टाकायला मालक तरी बसलेला असतो. डझनावारी आभासी यंत्रे वाहणाऱ्या सर्व्हरला मात्र मध्यरात्री वीज परतताच आपले आपण उठावे लागते, म्हणून किल्ली बहुधा टीपीएमवरच सोपवली जाते, आणि स्वतंत्र चिपकडून प्रोसेसरकडे उघड्याने जाणारी ती किल्ली तारांवरच टिपता येते, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले.

एएमडीने २०१७ च्या एपिक प्रोसेसरांत प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी वेगळ्या किल्लीने कूटबद्ध करण्याची सोय दिली. ती किल्ली खुद्द हायपरव्हायजरलाही मिळत नाही.