क्लीव्हलँड कुटुंब अभ्यास

क्लीव्हलँड कुटुंब अभ्यास हा अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात १९४८ ते १९५७ या काळात झालेला दीर्घकालीन साथरोगशास्त्रीय अभ्यास आहे. शहरी कुटुंबांतील दैनंदिन आजारांची, विशेषतः श्वसनमार्ग व पचनसंस्थेच्या संसर्गांची, सलग नोंद त्यात ठेवण्यात आली. वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील जॉन डिंगल, जॉर्ज बॅजर आणि विल्यम जॉर्डन हे त्याचे प्रमुख संशोधक होते.

पार्श्वभूमी

रुग्णालये व आरोग्य खात्यांच्या नोंदींत प्रामुख्याने गंभीर किंवा कळवणे बंधनकारक असलेले रोगच येत. घरच्या घरी बरे होणारे पडसे, खोकला, उलट्या व जुलाब यांचे खरे प्रमाण त्यामुळे अज्ञात राहत असे. दुसऱ्या महायुद्धात डिंगल यांनी सैनिकांमधील तीव्र श्वसनविकारांवर संशोधन केले होते. परंतु सैनिकी तळावर प्रामुख्याने तरुण पुरुष असतात; तान्ह्या मुलांपासून पालकांपर्यंत संसर्ग कसा पसरतो, हे पाहण्यासाठी कुटुंब हेच योग्य एकक होते.

पद्धत

अभ्यासात ८६ कुटुंबांतील ४४३ व्यक्तींचा समावेश होता. घरातील प्रत्येकाच्या लक्षणांची नोंद आई रोज ठेवत असे. क्षेत्र कार्यकर्ती दर आठवड्याला घरी येऊन ती नोंद तपासत असे. प्रयोगशाळेतील तपासणीसाठी घशातील स्रावाचे नमुनेही घेतले जात.

निष्कर्ष

सुमारे २५,००० आजारांची नोंद झाली. प्रत्येक व्यक्तीला वर्षाला सरासरी नऊहून अधिक आजार होत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक श्वसनमार्गाचे होते. लहान मुलांमध्ये पडशाचे प्रमाण सर्वाधिक होते, तर वडिलांपेक्षा आईला ते अधिक वेळा होत असे. घरात संसर्ग बहुधा मुलांमार्फत शिरत असे.

जठरांत्रशोथाच्या रुग्णांचे जीवाणूविरहित गाळलेले नमुने स्वयंसेवकांना दिले असता तेही आजारी पडले. यावरून या विकारामागे जीवाणूंहून सूक्ष्म असे किमान दोन निरनिराळे कारक असावेत, असा निष्कर्ष १९५३ साली मांडण्यात आला. अशा विकाराचा एक विषाणू, नॉरवॉक विषाणू, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १९७२ साली.

मर्यादा

सहभागी कुटुंबे सामान्य नागरिकांपेक्षा आर्थिकदृष्ट्या सुस्थितीतील होती. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतील आजारांचे प्रमाण त्यामुळे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय त्या काळी अनेक श्वसनविषाणूंचा शोध लागलेला नसल्याने बहुतेक आजारांचे वर्गीकरण लक्षणांवरूनच करावे लागले.

महत्त्व

एकत्रित निष्कर्ष १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. केवळ डॉक्टरकडे येणारे रुग्ण मोजल्यास समाजातील आजारांचा मोठा भाग दृष्टिआड राहतो, हे या अभ्यासाने आकडेवारीनिशी दाखवले. त्याचा पाया होता तो घरोघरच्या आयांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींचा.