कात्री, फोटोशॉप आणि पायातलं कडं

मंडळी, आठवडाभर हापिसात बग शोधायचे आणि रविवारी पहाटे भिगवणला जाऊन पक्षी, हा माझा जुना कार्यक्रम. उजनीच्या फुगवट्यावर शेकाट्या दिसतोच. त्याचे लांबलचक गुलाबी पाय सोडून नुसतं धड क्रॉप केलं, की फोटो गेलाच म्हणून समजा! पाय हवेत, पाण्यातलं प्रतिबिंब हवं, चोचीपुढे थोडी मोकळी जागा हवी. पण कात्री हिशेबाने चालवावी लागते. 10 मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात उरतात जेमतेम अडीच.

आपल्याला वाटतं ही सगळी डिजिटलची देणगी. छे! डार्करूममध्ये एन्लार्जर वर-खाली करून हवा तेवढाच भाग कागदावर घ्यायचे, तेच क्रॉपिंग. पांढऱ्याशुभ्र बगळ्याची पिसं उमटत नसतील, तर बाकीचा कागद झाकून तेवढ्याच भागावर जास्त वेळ प्रकाश पाडायचे, ते बर्निंग. काळवंडलेला भाग उजळायला तारेवरची पुठ्ठ्याची चकती मध्ये धरायचे, ते डॉजिंग. फोटोशॉपमधली हाताची आणि चकतीची चित्रं तिथूनच आली. 'अनशार्प मास्क' हे विचित्र नावही तिथलंच. 1930 च्या दशकापासून मूळ निगेटिव्हवर मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून प्रिंट काढायचे, की कडा उठून दिसायच्या.

मग सॉफ्टवेअरवाले आले (म्हणजे आपणच!). मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नॉलने 1987 मध्ये मॅकवर करड्या छटा दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉनने त्यातला धंदा ओळखला, आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबीने फोटोशॉप 1.0 विकायला काढलं. एका जागचे पिक्सेल उचलून दुसरीकडे छापणारा रबर स्टॅम्प पहिल्यापासून त्यात होता.

भांडणं मात्र त्याआधीच सुरू झाली होती. फेब्रुवारी 1982 च्या नॅशनल जिओग्राफिकने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. 1994 मध्ये आर्ट वुल्फच्या 'मायग्रेशन्स' या पुस्तकात प्राण्यापक्ष्यांच्या कळपातल्या रिकाम्या जागा डिजिटल प्रती चिकटवून भरल्याचं कळलं आणि वन्यजीव छायाचित्रकारांत वादळ उठलं.

एवढा गहजब कशाला? कारण पक्ष्याचा फोटो हा पुरावा असतो. एमा टर्नर या बाईंनी 1911 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये बिटर्नच्या पिल्लाचा फोटो काढला. बिटर्न म्हणजे आपल्या बगळ्यांच्याच कुळातला. त्याची तिथली वीण 19 व्या शतकाच्या अखेरीस बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाल्याचा पहिला पुरावा म्हणजे तो फोटो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी भिगवणलाच काळ्या शेपटीच्या गॉडविटचा झकास फोटो मिळाला. घरी आल्यावर पायाला चिकटलेला रंगीत कचरा दिसला. प्लॅस्टिक असणार! दोन मिनिटांत रबर स्टॅम्प मारून पाय स्वच्छ केला, जेपेग सेव्ह केला, कार्ड फॉरमॅट. एका जुन्याजाणत्या पक्षीमित्र काकांना बाकीच्या फ्रेम्ससकट फोटो दाखवला. त्यांनी शेजारची हललेली फ्रेम मोठी केली आणि विचारलं, "अरे, हा तर फ्लॅग आहे. यावरची अक्षरं कुठायत?"

स्थलांतर कळावं म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी घालतात. 1899 मध्ये मॉर्टेन्सन या डॅनिश शिक्षकाने मैनांच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घालून ही पद्धत रुजवली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 मध्ये सालिम अलींच्या पुढाकाराने मोठा प्रकल्प हाती घेतला. रंगीत फ्लॅगवरचा कोड वाचता आला तर पक्षी कुठे, कधी पकडला होता ते कळतं. माझ्या हललेल्या फ्रेममध्ये नुसता रंग दिसत होता. अक्षरं होती ती मी पुसलेल्या फोटोत.

काका रागावले नाहीत. "असू दे, पुढच्या वेळी बघ," एवढंच म्हणाले. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. क्रॉप, उजेड, रंग जे काही करायचं ते प्रतीवर. आणि पायावर काही दिसलं, तर आधी शंभर टक्के झूम करून बघतो. तुम्हीही बघा. कचरा वाटला तरी!