जामीन, जॉबर आणि ‘ओळख’: नोकरीतील शिफारशीचा इतिहास

१/९ नोकरीच्या अर्जात ‘संदर्भ’ म्हणून दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे मागितली जातात. भिवंडीच्या यंत्रमागांवर असा कागद सहसा लागत नाही. तेथे ओळख लागते. निजामपुऱ्याचे नाव महानगरपालिकेच्याही नावात मिरवणाऱ्या या शहराच्या निमित्ताने शिफारशीचा इतिहास पाहू. #थ्रेड

२/९ सभासद बखरीनुसार शिवकालीन लष्करात नव्या माणसाला घेताना आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन घेतला जाई. येथे मर्म आहे ते जबाबदारीचे. नवा माणूस चुकला, तर त्याच्यासाठी शब्द टाकणाराही उत्तरदायी ठरे. म्हणून त्या शब्दाला वजन होते.

३/९ आता मुंबईकडे वळू. १८५६ मध्ये कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत गिरणगाव उभा राहिला. कोकण, देश आणि उत्तरेतून माणसे येऊ लागली. त्यांची भरती करी खात्याचा जॉबर. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी.

४/९ जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी. नवख्याला परक्या शहरात आधार मिळे. मात्र कामावर घेणे, टिकवणे आणि काढणे एकाच्याच हाती आल्याने काम मिळण्यासाठी व टिकण्यासाठी ‘दस्तुरी’ द्यावी लागे. जामीनदार जोखीम उचलत असे. जॉबर मोबदला घेऊ लागला.

५/९ ओळखीच्या या जगात जात हीच पहिली ओळख होती. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणाई खात्यापासून दूर ठेवले गेले. कौशल्य असले, तरी दार उघडणारा कोणी नव्हता.

६/९ १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खाते खुले करण्याची मागणी लावून धरली. काम मिळणे हा कुणाच्या मेहेरबानीचा विषय नसून हक्काचा आहे, हा त्या मागणीचा गाभा होता.

७/९ १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीवर आणि लाचखोरीवर टीका केली व लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्ड-पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना कार्ड मिळे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. माणसाच्या शब्दाऐवजी कागद पुढे आला. जॉबरची सत्ता घटली, संपली नाही.

८/९ १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या ओस पडत गेल्या आणि कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. गिरणीतील कार्ड, हजेरीपट, लेबर ऑफिसर मात्र त्यासोबत आले नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार पुन्हा गाववाल्याचा हात धरूनच मागापर्यंत पोहोचला.

९/९ म्हणून शिफारस चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. शब्द टाकणारा जबाबदारी घेतो की किंमत, आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणीच नाही त्याला दार उघडे आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. सभासदाच्या काळापासून निजामपुऱ्याच्या आजच्या गल्लीपर्यंत ते लागू पडतात.