तेलाने भरलेले भांडे : गर्भिणीचे मन आणि दायित्वाचा इतिहास

'डोहाळे' हा शब्द आज आपण चिंचा-कैऱ्यांच्या हौशीपुरता वापरतो. त्याचे कूळ मात्र वैद्यकातही सापडते. संस्कृत 'दोहद', प्राकृत 'दोहल' आणि मराठी 'डोहाळा' अशी ह्या शब्दाची वाट आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. तेव्हापासून ती स्त्री दोन हृदयांची होते आणि तिची इच्छा तिच्या एकटीची राहत नाही. ती डावलली तर मूल कुबडे, लंगडे, मतिमंद किंवा ठेंगणे निपजते. चरकसंहिता हीच अवस्था तिसऱ्या महिन्यात मानते आणि आईचे व गर्भाचे हृदय रसवाहिन्यांनी जोडलेले असल्याचे सांगते. आईच्या मनातील खळबळ शरीरावाटे गर्भापर्यंत पोचते, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे. तो किती खरा ह्याइतकाच आणखी एक प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो : तो मान्य केल्यावर जबाबदारी कोणावर येते?

चरकसंहितेत ह्याची दोन उत्तरे शेजारीशेजारी आहेत. गर्भाला घातक गोष्टींच्या यादीत सतत शोक करणारी स्त्री येते. तिचे मूल भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते, असे तेथे म्हटले आहे. भांडखोर स्त्रीच्या मुलाला अपस्मार होतो म्हणे. येथे बोट थेट आईकडे आहे. पण तेथेच गर्भिणीची काळजी कशी घ्यावी हे सांगताना उपमा येते ती तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची. ते नेताना जसे हिंदकळू द्यायचे नसते, तसे तिला जपावे. ह्या उपमेत स्त्रीचे भांडे होते, हे खटकतेच. तरीही हिंदकळू नको असे कोणी भांड्याला बजावत नाही. बजावायचे ते नेणाऱ्याला. इच्छा फार तीव्र असेल तर अपथ्यकर पदार्थही पथ्यकर पदार्थात मिसळून द्यावा, ही सूचनासुद्धा भोवतालच्या माणसांनाच आहे.

हे कर्तव्य किती पोकळ होऊ शकते, ते विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात दाखवले. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात वडीलधाऱ्यांचा निरोप येतो, की सीतेचे डोहाळे पुरवावेत. तिला पुन्हा अरण्य पाहायचे असते. त्याच इच्छेच्या आडोशाने तिला वनात सोडले जाते. पुढे कळते, की दुःखाच्या आवेगात, प्रसववेदना सुरू असताना तिने गंगेत उडी घेतली. डोहाळा अक्षरशः पुरवला गेला आणि त्यामागचे दायित्व मात्र मोडले गेले.

अशीच समजूत युरोपातही होती, पण तेथे तिने विशेषतः आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मुलाच्या अंगावरचा डाग किंवा व्यंग म्हणजे आईच्या भयाचा वा वासनेचा ठसा, असे विद्वानही मानत. १७२६ मध्ये इंग्लंडमधील गोडाल्मिंगच्या मेरी टॉफ्ट ह्या गरीब स्त्रीने आपण सशांना जन्म देत असल्याचा दावा केला. शेतात सशाने दचकवल्याचे कारण तिने सांगितले. राजाच्या पदरी असलेल्या नाथानियल सेंट आंद्रे ह्या शल्यविशारदालाही ते पटले. डिसेंबरात तिने लबाडी कबूल केली. पुढच्याच वर्षी जेम्स ब्लाँडेल ह्या वैद्याने ह्या समजुतीवर हल्ला चढवणारी पुस्तिका लिहिली. मुलांवर इतके प्रेम करणाऱ्या स्त्रियाच आपल्या लहरींनी विद्रूप मुले घडवतात असे मानणे हा त्यांचा अपमान आहे, हाही त्याचा एक मुद्दा होता. पुढे विल्यम हंटरच्या १७७४ च्या शारीरग्रंथाने आई आणि गर्भ ह्यांचे रक्ताभिसरण वेगवेगळे असल्याचे दाखवून दिले.

मग मन गर्भापर्यंत पोचावे कसे? उत्तर विसाव्या शतकात संप्रेरकांनी दिले. भय आणि संताप ह्यांनी शरीरात काय उलथापालथ होते, हे वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले; ताणाच्या शारीरिक परिणामांवरचा हान्स सेल्ये ह्यांचा लेख १९३६ चा. अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल गर्भाकडे जाऊ लागते तेव्हा वारेतील एक विकर त्यातले बरेचसे निष्प्रभ करते. दीर्घकाळच्या चिंतेने हा बांध सैल होतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. तीव्र, लांबलेल्या ताणाचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आणि मुलाच्या कमी वजनाशी आढळतो. सुश्रुतातील कुबडेपणाला मात्र ह्यात आधार नाही, आणि घटकाभराच्या रागाने गर्भ बिघडत नाही.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात पडताच गोठणाऱ्या पावसाने विजेच्या तारा कोसळल्या आणि लाखो घरे अंधारात गेली. काही तर आठवडेच्या आठवडे. सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी दोन मोजमापे वेगळी ठेवली : प्रत्यक्ष हाल किती झाले, आणि त्या स्त्रीला मनस्ताप किती झाला. दोन वर्षांच्या मुलांच्या भाषेतील आणि आकलनातील फरकांशी जुळले ते हाल. इतर काही बाबतींत मनस्तापाचाही संबंध दिसला. पण 'तू मन शांत ठेव' एवढ्याने भागत नाही, हे ह्या अभ्यासाने पुरेसे स्पष्ट केले.

हे दायित्व समाजाचे आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटले होते, की प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलावा. १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी तो कायदा झाला. १९६१ चा कायदा देशव्यापी होता, आणि २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

ही रजा ज्यांना मिळते, त्यांनाच बहुधा गर्भसंस्काराची पुस्तके आणि प्रसन्न राहण्याचे उपदेश मिळतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला ह्यांतले काहीच येत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि चुकलेल्या दिवसाचा 'खाडा' हिशेबातून कापला जातो. तिच्या मनावरचा ताण मोजायला निघालेल्याने सुरुवात त्या खाड्यापासून करायला हवी.