घोडा, चाप आणि बोटाचं टोक

दाभोशातून प्रश्न आलाय: जुन्या बंदुकीचा चाप आणि नेमबाजांच्या रायफलचा ट्रिगर, यात नेमका फरक काय? काम तर एकच.

चला तोड्याच्या बंदुकीपासून सुरू करू. मराठेशाहीत ही सर्रास वापरात होती. चाप ओढला की घोड्यात अडकवलेला पेटता तोडा खाली येऊन रंजकीवर टेकायचा. आपल्याकडच्या बहुतेक बंदुकांत चाप थेट घोड्याशी जोडलेला. खटका नाही. बोट जेवढं सरकेल तेवढाच तोडा सरकणार. मग रंजक पेटणार, जाळ कानातून आत जाणार, आणि तोवर नळी हलू द्यायची नाही! गलोल चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रबर कुणीही ताणतो, सोडताना मनगट हललं की दगड भलतीकडे.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याला जोरकस स्प्रिंग आली. आता बोटानं घोडा हलवायचा नव्हता, फक्त त्याची अडकण सोडवायची होती. माझ्या मते खरी क्रांती ही. पण अडकण घट्ट असायची, जोर लावावा लागायचा आणि जोरात नेम जायचा. त्यावर युरोपातल्या कारागिरांनी जोड-चाप काढला. एकानं छोटी स्प्रिंग ताणून ठेवायची, दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा.

आजच्या स्पर्धेच्या रायफलमध्ये बहुतेकदा दोन टप्पे असतात. पहिला मोकळा, मग बोटाला भिंत लागल्यासारखं वाटतं. तिथं थांबायचं, आणि मग किंचित दाब. 10 मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम लागतं. 10 आणि 50 मीटर रायफलला अशी किमान मर्यादाच नाही. तरी नुसता हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर नव्हे. तो किरकिरत सरकता कामा नये, सुटल्यावर बोट पुढे आदळता कामा नये आणि दर वेळी त्याच जागी सुटला पाहिजे. (म्हणून घरी कानस घेऊन बसू नका. अडकण झिजली तर बंदूक नुसत्या धक्क्यानं उडते. हे काम आर्मररचं.)

आता आपला स्वप्निल कुसळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. पुरुषांच्या या प्रकारात रायफल 8 किलोपर्यंत चालते. गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून मारून झालं, तरी तो पहिल्या तिघांत नव्हता. उरलं होतं उभं राहून मारणं. तिथं हातांना जमिनीचा आधार नाही, श्वासानंसुद्धा नळी डुलते. नळी पूर्ण स्थिर व्हायची वाट बघत बसलं तर डोळा थकतो, म्हणून डुलणं कमी होईल त्याच क्षणी ट्रिगर सुटावा लागतो. त्याच पोझिशनमध्ये तो तिसरा आला. 451.4 गुण, कांस्यपदक.